‘तज्ज्ञांची मदत घ्या’ हे पटले. पण कुठे आणि कोणत्या वारी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आपल्या आणि इतर दैनिकांतही चांगले लेख येतात. त्यांचा शेवट बहुतेक वेळा एकाच वाक्याने होतो: ‘वेळीच तज्ज्ञांची मदत घ्या.’ ज्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा तीन आठवडे धड झोपलेला नाही, खिडक्या लावून बसतो, शेजारचे आपल्याविषयीच बोलतात म्हणतो आणि जेवणात काहीतरी कालवले आहे असे सांगून ताट सरकवतो, त्या घराला हे वाक्य आधीच पटलेले असते. त्यांना पुढचे हवे असते: कोणती इमारत, कोणता वार, किती वाजेपर्यंत आणि सोबत कोणते कागद. नेमके तेच कुठे छापलेले नसते. ते सांगण्यासाठी आणि शेवटी आपल्याकडे एक मागणी करण्यासाठी हे पत्र आहे. लांबल्याबद्दल क्षमस्व.

स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणे, खोटे संशय पक्के होणे) आणि बायपोलर (मनःस्थिती कधी अति उंचावणे, कधी खोल खचणे) हे दोन्ही गंभीर आजार बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान डोके वर काढतात. स्किझोफ्रेनिया मुलांमध्ये मुलींपेक्षा थोडा लवकर. म्हणजे नेमकी दहावी-बारावीची, कॉलेजची, पहिल्या नोकरीची वर्षे. त्यामुळे आधी अभ्यासाचे टेन्शन, मग मोबाइल, मग प्रेमप्रकरण, मग ‘बाहेरचे काहीतरी’ अशी कारणे लावण्यात महिने जातात. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला तर सर्वांत घातक, कारण त्यात आणखी एका मुलीचे किंवा मुलाचे आयुष्य ओढले जाते. उपचारांविना जितका काळ जाईल, तितके पुढे सावरणे जड जाते. म्हणून पहिले दार लवकर सापडणे महत्त्वाचे.

ते दार म्हणजे आपले ‘सिव्हिल’, अर्थात जिल्हा रुग्णालय. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातून जिल्हा पातळीवर मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजसेवक आणि परिचारिका असे पथक असणे अपेक्षित आहे. हेच पथक ठरलेल्या वारी उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत जाऊन ओपीडी घेते. म्हणजे तालुक्याच्या माणसाला दर वेळी जिल्ह्याला जायची गरज नसते. पण पथकाचा आपल्या तालुक्यातला वार कोणता, हे रुग्णालयाच्या भिंतीवरही अनेकदा लिहिलेले नसते. मग दोन बस बदलून माणसे पोचतात आणि ‘डॉक्टर गुरुवारी येतात’ असे ऐकून परततात. आजारी मुलाला घराबाहेर काढण्यासाठी ज्यांनी चार दिवस मनधरणी केलेली असते, त्यांना दुसरी संधी लवकर मिळत नाही.

तेव्हा निघण्यापूर्वी रुग्णालयाला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते? केसपेपरची खिडकी किती वाजता बंद होते? पथक आमच्या तालुक्यात कधी येते? औषधे तिथेच मिळतात का? फोन लागला नाही तर गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावे. त्यांच्यामार्फत पथकापर्यंत निरोप जातो. १४४१६ ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते. तिथले समुपदेशक गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात. मात्र या क्रमांकावरून घरी गाडी येत नाही, तेव्हा ती येईल अशी अपेक्षा ठेवून फोन करू नये.

खिडकीवर ‘मानसोपचार’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. लाजेपोटी ‘डोके दुखते’, ‘झोप येत नाही’ असे सांगितले की केसपेपरवर ‘मेडिसिन’ लिहिले जाते आणि दोन तास चुकीच्या रांगेत जातात. तोवर मुलगा उठून निघून जातो. हे इतक्या वेळा घडते की इथे मुद्दाम सांगावेसे वाटले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडे शुल्क लागू शकते. काही जिल्ह्यांत सिव्हिलच आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले आहे, तेव्हा आपले कशात मोडते तेही फोनवरच विचारून घ्यावे.

मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून, इथले मानसोपचार विभाग मोठे आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांविषयी लोकांच्या मनात ‘एकदा आत गेला की गेला’ अशी भीती असते. तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे, तपासून औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. गोव्यातल्या वाचकांसाठी बांबोळीची मनोविकार संस्था आहे.

पहिल्या भेटीला सोबत काय न्यावे? आधार कार्ड, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या झालेल्या गोळ्यांच्या पट्ट्यासुद्धा. पट्टीवर औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम असते. ‘पांढरी छोटी गोळी’ या वर्णनावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. शिवाय वहीच्या एका पानावर तारीखवार टिपण न्यावे: झोप कधीपासून बिघडली, कॉलेजला जाणे कधी थांबले, एकट्याने बोलणे कधी दिसले, गांजा किंवा दारू आहे का, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, मरण्याविषयी कधी बोलला का. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना मोजकी मिनिटे मिळतात. त्या पानामुळे ती वाया जात नाहीत. गांजाचा उल्लेख आईवडील हमखास लपवतात. तो लपवला तर निदानच चुकू शकते.

मुलगा यायलाच तयार नसेल तर आईवडिलांपैकी एकाने आधी जाऊन समाजसेवकाशी बोलावे. रुग्णाला न तपासता औषध मात्र मागू नये. आणि भाजीत, चहात गोळी मिसळून देणे टाळावे. ज्याला आधीच विषाचा संशय आहे, त्याला ती गोळी सापडली की त्याचा संशय खरा ठरतो, मग तो घरचे जेवणच सोडतो.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात झोप आणि चिडचिड सुधारते. कानात येणारे आवाज, संशय कमी व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. आजाराचा पहिला झटका ओसरला की ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या बंद होतात आणि आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. पहिल्या झटक्यानंतरही साधारण एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते, आणि थांबवायचे तेव्हा डॉक्टरांनी हळूहळू कमी करायचे असते. मान वाकडी होणे, जबडा आखडणे, पाय सतत हलवत राहणे हे ‘वेड वाढल्याचे’ लक्षण नाही, औषधाचा दुष्परिणाम आहे. त्यावर उतारा असतो, त्याच दिवशी दाखवावे. काही गोळ्यांनी तीन महिन्यांत कपडे बसेनासे होतात, म्हणून वजन आणि साखर तपासत राहावी. बायपोलरसाठी लिथियम हे औषध चालू असेल तर रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासायची असते; सकाळची गोळी घेऊन रक्त दिले की अहवाल चुकतो. बायपोलरमध्येच दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, तेव्हा तरुण मुलीला ते लिहून दिले असेल तर दुसरा पर्याय आहे का, हे विचारायला संकोचू नये. आणि दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही गुण नसेल तर क्लोझापीनविषयी विचारावे. त्यासाठी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. ही सोय जवळ नाही म्हणून अनेकांपर्यंत ते औषध पोचतच नाही.

सरकारी दवाखान्यात औषध संपलेले असते तेव्हा काय? चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, जनऔषधी केंद्रात ते स्वस्त मिळते. शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नये, दहा दिवसांचा साठा हाताशी असतानाच पुढची फेरी मारावी.

आता रात्रीचा प्रसंग. मुलगा तोडफोड करतोय किंवा गच्चीवर चढलाय. १०८ ला फोन करताना नुसते ‘मानसिक रुग्ण आहे’ म्हणून थांबू नये. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, जखम आहे, काही प्यायला आहे का, हे आधी सांगावे. हिंसेचा धोका असेल तर ११२ वर पोलिसांनाही कळवावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९४ नुसार अशा तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे साध्या ग्रामीण रुग्णालयातला ड्युटीवरचा एमबीबीएससुद्धा, रुग्णाचा प्रतिनिधी, सहसा जवळचा नातेवाईक, हजर असल्यास त्याच्या संमतीने ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. ‘आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही, पुढे न्या’ एवढे सांगून परत पाठवणे कायद्याला धरून नाही. निदान शांत करणारे इंजेक्शन देऊन, संदर्भ चिठ्ठी लिहून पाठवायला हवे. घरून निघण्यापूर्वी कलमाचा आकडा एका कागदावर लिहून खिशात ठेवावा. भांडणासाठी नव्हे, घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी आठवत नाही म्हणून.

रुग्ण भटकताना सापडला तर कलम १०० नुसार पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते, लॉकअपमध्ये ठेवायचे नसते. आणि साखळीने बांधणे, मग ते घरी असो, खासगी केंद्रात असो किंवा एखाद्या धार्मिक स्थळी, मानसिक आजाराच्या रुग्णाबाबत कलम ९५ ने बंद केले आहे.

भरती करायची वेळ आली की अजूनही ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ असे सांगणारे भेटतात. ते १९८७ च्या जुन्या कायद्याचे उरलेले बोलणे आहे. नव्या कायद्यात रुग्ण स्वतः अर्ज करून भरती होऊ शकतो. तो त्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याला निर्णयात मदत करायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर, एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासल्यावर, ३० दिवसांपर्यंत भरती करता येते. हा प्रतिनिधी कोण, हे मुलगा बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवू शकतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक रुग्णाने हा कागद करून ठेवावा, असे आमचे ठाम मत आहे. आई की वडील की मोठी बहीण, यावर ऐन दवाखान्याच्या दारात वाद होतात. अठराच्या आतल्यांसाठी नियम अधिक कडक आहेत: मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, पालकाने सोबत राहायचे, आणि याच कायद्याखालच्या, भरतीवर देखरेख करणाऱ्या पुनरावलोकन मंडळाला ७२ तासांत कळवायचे. प्रत्यक्षात किशोरवयीनांसाठी वेगळ्या खाटा बहुतेक जिल्ह्यांत नाहीत, आणि त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची मुले ‘आमच्यात बसत नाही’ म्हणून इकडून तिकडे फिरवली जातात. ग्रामीण रुग्णालयातले ‘मैत्री’ क्लिनिक किशोरांसाठीच आहे. तिथल्या समुपदेशकांकडून संदर्भ चिठ्ठी घेतली तर निदान पुढची रांग चुकत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ दिव्यांग प्रमाणपत्राचा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार हे स्वतंत्र दिव्यांगत्व आहे आणि ४० टक्के ही रेषा आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, रुग्णालय निवडायचे, मिळालेला नोंदणी क्रमांक घेऊन बोर्डाच्या, म्हणजे तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या, दिवशी जायचे. तिथे ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीने गुण देतात. चार बाबी असतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण (अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त), शिवाय आजार किती काळ चालला आहे त्याचे एक ते चार. एकूण २० पैकी ७ किंवा जास्त झाले की ४० टक्क्यांची रेषा ओलांडली.

इथे घरची माणसे नकळत आपल्याच मुलाचे नुकसान करतात. बोर्डासमोर जायचे म्हणून आई सकाळी त्याची दाढी करवते, इस्त्रीचा शर्ट घालते. डॉक्टर विचारतात, ‘आंघोळ स्वतः करतो का?’ आई म्हणते, ‘हो, करतो.’ निगेला शून्य गुण. खरे उत्तर असे असते की आठवड्यातून दोनदा करतो, तीही चार वेळा सांगितल्यावर, साबण हातात दिल्यावर, आणि तेच कपडे परत चढवतो. तिथे एक किंवा दोन गुण यायला हवे होते. ‘मित्र आहेत का?’ ‘आहेत की.’ शेवटचा मित्र घरी कधी आला, हे कुणी सांगत नाही. कामाचेही तसेच: आयटीआय दुसऱ्या वर्षी सुटले, दुकानावर बसवले तर अर्ध्या तासात उठून जातो, हे सांगायला हवे. बोर्डाच्या आधी दोन आठवडे रोजची नोंद ठेवावी: कधी उठला, किती वेळा सांगावे लागले, कुणाशी बोलला, कोणते काम पुरे केले. त्यात वाढवून काही लिहू नये. फक्त लाज बाजूला ठेवून जसे आहे तसे लिहावे. सोबत जुने केसपेपर असावेत, कारण आजाराचा काळ त्यांवरूनच सिद्ध होतो. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत संपण्याच्या तीन महिने आधी पुन्हा अर्ज करावा.

या प्रमाणपत्राने काय मिळते? सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत मानसिक आजाराचा समावेश असलेल्या गटाला १ टक्का, तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, जुन्या करप्रणालीत पालकांना वजावट. एक गोष्ट मात्र मिळत नाही: ‘निरामय’ विमा. तो राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरताच आहे. एजंट मंडळी मानसिक आजाराच्या पालकांकडूनही त्याचे पैसे घेतात, देऊ नयेत. इतर आरोग्य विम्यात मात्र मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरला पाहिजे, असे २०१७ च्या कायद्याचे कलम २१ सांगते. नाकारल्यास कारण लेखी मागावे.

शेवटचा आणि सर्वांत रिकामा टप्पा पुनर्वसनाचा. औषधाने आवाज थांबतात, पण सकाळी दहा ते पाच हा मुलगा काय करणार? डे केअर केंद्र, कामाची सवय लावणारी कार्यशाळा, पालकांचा स्वमदत गट यांची खरी गरज इथे असते. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभारलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था, आणि रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र अशी कामे आहेत. पण हिंगोली, गडचिरोली, नंदुरबारच्या पालकाने रोज पुण्याला कसे यावे? कायद्याच्या कलम १८ मध्ये मधली घरे (रुग्णालय आणि घर यांच्यामधला राहण्याचा टप्पा), निवाऱ्याच्या जागा आणि घरापर्यंत सेवा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ठरवून दिलेल्या किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसतील तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही मानसिक आरोग्य सेवेत घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, असेही तिथे लिहिले आहे. उलट २०१९ मध्ये मनोरुग्णालयांतून लोकांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावे लागले.

ही पोकळी खासगी ‘पुनर्वसन केंद्रे’ भरतात. काही चांगली आहेत. पण पैसे भरण्यापूर्वी मानसिक आरोग्य कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, गोळ्या कोण देतो, मुलाला फोन करू देतात का, न सांगता भेटायला आलेले चालते का, व्यसनमुक्तीचे रुग्ण त्याच खोलीत आहेत का, हे विचारावे. ‘सहा महिन्यांत पूर्ण बरा करू, पहिले दोन महिने भेटायचे नाही’ असे कुणी म्हणाले तर तिथून उठावे.

आता मागणी. प्रत्येक जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकांकडे आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे हा तपशील असतो, पण तो फायलीत राहतो. आपल्या जिल्हा पानावर महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, चार बोटे रुंदीची एक चौकट द्यावी. तीत सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीचे वार, वेळ आणि खोली क्रमांक. पथकाच्या तालुकावार भेटींच्या तारखा. दिव्यांग बोर्डाचा वार. समाजसेवकाचा कार्यालयीन दूरध्वनी. त्या महिन्यात कोणते औषध उपलब्ध नाही ते. आणि १४४१६, १०८, ११२ हे क्रमांक असावेत. आपल्या तालुका वार्ताहरांनी दर महिन्याला एक फोन करून खात्री केली, तर दोन बस बदलून आलेले कुणी चुकीच्या वारी दारात उभे राहणार नाही. पहिल्या दोन-तीन जिल्ह्यांची माहिती जमवून, पडताळून आपल्याकडे पाठवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांच्या पालकांसोबत काम करणारे स्वमदत गटाचे कार्यकर्ते, पुणे